छज्ज्याचं लोखंड

जठारपेठ, अकोला
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय अनुपमा,

पत्र पाहून दचकू नकोस. फोनच केला असता, पण मागच्या वेळी तू काहीतरी महत्त्वाचं सांगत होतीस आणि माझ्या मागे काँक्रीटचा मिक्सर सुरू झाला. तू "हो ना?" विचारलंस, मी "हो" म्हणाले, आणि मी कशाला हो म्हटलं ते मला आजतागायत माहीत नाही. म्हणून कागद.

वर्तमानपत्रात तुझ्या व्याख्यानाची बातमी वाचली. "व्यसन आणि प्रबलन." हा शब्द मी याआधी फक्त सरकारी निविदेत पाहिला होता, "प्रबलित सिमेंट काँक्रीट". साइटवर त्याला कोणी प्रबलन म्हणत नाही, लोखंड म्हणतात. तुमच्या मानसशास्त्रात ते कुठून शिरलं, ते मला खरंच जाणून घ्यायचंय.

आमचं तुला सोपं करून सांगते. काँक्रीट दाबायला जबरदस्त, ओढायला अगदी कच्चं. जिथे ओढ पडते तिथे ते फाटतं, म्हणून नेमकं तिथेच लोखंड घालायचं. खोलीच्या स्लॅबला मधोमध खालून ओढ, म्हणून लोखंड खाली. पण भिंतीतून बाहेर निघालेल्या छज्ज्याला ओढ वरून असते, तिथे मुख्य लोखंड वरच्या बाजूला. नवशिके इथेच चुकतात. लोखंड तेवढंच, पैसा तेवढाच, फक्त खाली घातलेलं. छज्जा पडतो.

भेगा पडल्या की लोक मला बोलावतात. "मॅडम, ठेकेदारानं बुडवलं," तिथूनच सुरुवात असते. मी आधी एकच विचारते, "कोठी?" भेग कुठे, वर भिंतीजवळ आहे, खाली मधोमध आहे, की खांबापाशी तिरपी आहे, यावरून अर्धं कारण कळतं. कोणी केलं, ते मागाहून.

आता खरं काम. सूर्यभान आठवतो ना? माझा धाकटा भाऊ. आपल्या होस्टेलवर वरूडहून संत्र्यांची पेटी घेऊन यायचा आणि वॉर्डनबाईंना अर्धी देऊन उरलेली आपल्याला. तो आता माझ्याच साइटवर देखरेख करतो. कॉलेजपासून खर्रा खातो, तोच, सुपारी-तंबाखूला चुना लावून घोटलेला. दिवाळीच्या खरेदीला जमुना, म्हणजे त्याची बायको, त्याला गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, गाडीवर घेऊन गेली. त्याने गुपचुप तोंडाजवळ नेली आणि खाली ठेवली. तोंडच उघडेना. दातांच्या डॉक्टरांनी त्याला तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली. डॉक्टर म्हणाले, गालाच्या आतलं कातडं चिवट होत चाललंय, खर्रा आत्ता बंद नाही केला तर पुढे बंद करून उपयोग नाही, आणि पुढचं नाव त्यांनी घेतलं नाही. मी घेतलं, कॅन्सर. त्यांनी मान हलवली.

तर मला तुझं प्रबलन पाहिजे. किती टाकायचं आणि कुठे टाकायचं, तेवढं लिही.

तुझी,
पौर्णिमा


कॅम्प, अमरावती
२१ ऑक्टोबर २०२४

प्रिय पौर्णिमा,

तू त्या दिवशी माझ्या मुलीच्या, जुईलीच्या, भरतनाट्यमच्या अरंगेत्रमला येण्यासाठी हो म्हणाली होतीस. ते झालं. आली नाहीस. मी रुसले होते, ते आता मागे घेते.

सूर्यभानचं वाचून हातातलं काम राहिलं. तुझ्या प्रश्नाकडे वळते, पण आधी एक कबुली. मी व्यसनाचा अभ्यास करते, उपचार करत नाही. नांदगाव पेठच्या कापड कारखान्यांतले कामगार तंबाखू का आणि केव्हा खातात, एवढंच मी गेली काही वर्षं विचारत फिरते आहे. तोंडाचं डॉक्टरांकडेच न्यायचं, त्यात माझ्या पत्राची वाट पाहू नकोस.

आमच्यात प्रबलन म्हणजे एखाद्या कृतीच्या पाठोपाठ येणारी अशी गोष्ट, जिच्यामुळे ती कृती पुन्हा घडण्याची शक्यता वाढते. ती गोडच असते असं नाही. समज, सूर्यभानला सकाळी चिडचिड होते. खर्रा गालात गेला की चिडचिड जाते. त्याला काही मिळालं नाही, उलट काहीतरी गेलं, पण सवय घट्ट झाली. हेही प्रबलनच. माझे विद्यार्थी दर वर्षी परीक्षेत याला शिक्षा म्हणतात आणि मी दर वर्षी लाल रेघ मारते.

शब्द एक आहे म्हणून गोष्ट एक, असं मी घाईने म्हणणार नाही. तुमचं लोखंड आधी पडतं, भार नंतर येतो. आमच्यात कृती आधी, प्रबलन नंतर. तुमच्यात ते आधार देतं. आमच्यात ते सवय घट्ट करतं, मग ती सवय तारणारी असो की मारणारी. खर्रा टिकून आहे तो प्रबलनामुळेच. तरी तुझं "ओढ असेल नेमकं तिथेच" हे मला दोन दिवस सोडत नाहीये. अजून त्याचं काय करायचं ते कळलेलं नाही.

जगात बरीच तपासलेली एक पद्धत आहे. माणूस तपासणीत नशेशिवाय आढळला की त्याला लगेच छोटंसं बक्षीस. "लगेच" महत्त्वाचं. पुढे कधीतरी होणारा आजार लांब असतो, पुडी खिशात असते. लांबच्या भीतीपेक्षा जवळची चव वरचढ ठरते, म्हणून चांगल्याचं फळही तितक्याच जवळ आणायचं.

पण त्याआधी सूर्यभानला विचार, तो केव्हा खातो, कुठे खातो, कोणाबरोबर खातो. दरडावून नको. भेग पाहायला जातेस तशी विचार.

उत्तराची वाट पाहते.
अनुपमा


जठारपेठ, अकोला
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय अनुपमा,

अरंगेत्रमचं मनाला लागलं. जुईलीला सांग, मावशीने शब्द दिला होता आणि मिक्सरने तो खाल्ला.

तुझी पद्धत सुरू केली आणि मान गये. सूर्यभानला साइटच्या जीपचं वेड आहे. स्वतःची मोटारसायकल चढावर ढकलावी लागते. मी सांगितलं, रोज संध्याकाळी ऑफिसात यायचं, दिवसभर खर्रा खाल्ला नसेल तर जीपची किल्ली त्या रात्रीपुरती तुझी. जमुना, पोरं, ज्यांना फिरवायचं त्यांना फिरव. खाल्ला असेल तर मोटारसायकल.

पहिल्या संध्याकाळी आला, मान खाली.

"खाल्ला?"

"एकच, ताई. स्लॅब होता ना आज."

मी जे बोलायचं ते सगळं बोलले. आईच्या दवाखान्यापासून त्याच्या पोरांच्या शाळेपर्यंत. त्यानंतर मात्र रोज येतो, सरळ डोळ्यांत पाहतो आणि म्हणतो, "नाई खाल्ला." किल्ली घेतो, शीळ घालत जातो. आता जमुनेने मला फोन करून सांगितलं, "ताई, हे आजकाल खुश राह्यतात."

लोखंड बांधणारी माणसं चहाला बसली की आता तो वेगळा उभा राहतो. खिशात बडीशेप ठेवतो. डॉक्टरांकडे परत जायचं होतं, पण साइटवर गडबड आहे म्हणून त्याने पुढे ढकललं. मीही म्हटलं, सुधारणा होतेच आहे.

तुझे ते केव्हा-कुठे-कोणाबरोबर विचारायचे राहिले. गरज पडली नाही. तुम्ही अभ्यासक लोक वर्षानुवर्षं विचारत बसता, आम्ही सेंट्रिंगच्या फळ्या लावून ओतून मोकळे.

तुला एकदा साइटवर घेऊन जाईन. लोखंड पाहिलंस की तुझं प्रबलन अजून पक्कं होईल.

पौर्णिमा


कॅम्प, अमरावती
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय पौर्णिमा,

तुझं पत्र वाचून आनंद झाला आणि त्या आनंदाचाच मला संशय येतो आहे. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, होस्टेलवर कुलूप लावल्यावर मी परत जाऊन ओढून पाहायची. तेव्हा राग मानू नकोस.

मी लिहिलं होतं, "तपासणीत नशेशिवाय आढळला की." तुझ्या पत्रात तपासणी कुठे आहे ते मी दोनदा शोधलं. तू विचारतेस, तो सांगतो, किल्ली मिळते. मग बक्षीस नेमकं कशाला मिळतंय? खर्रा न खाण्याला, की "नाई खाल्ला" म्हणण्याला? दोन्ही एकच असेल तर फारच छान. पण तू स्वतःच लिहिलंस की पहिल्या दिवशी तो खरं बोलला आणि त्याला काय मिळालं.

तुला दोष देत नाही. माझ्या अभ्यासातही कामगारांनी सांगितलेले आकडे आणि तपासणीतले आकडे जुळले नाहीत, तेव्हा माझा पहिला विचार तपासणी चुकली असेल असा होता. मलाही तेच ऐकायचं होतं. आणि तो तपासणीचा शब्द मी एकदाच, वाक्याच्या पोटात लिहून सोडून दिला. तो वर, ठळक लिहायला हवा होता.

तू साइटवर न्यायची मी वाट पाहिली नाही. नांदगाव पेठहून येताना रस्त्यालगत एक घर बांधत होते, तिथे थांबले. छज्ज्याचं लोखंड दाखवा म्हटलं. त्यांना वाटलं मी नगरपालिकेची. मग एकाने हसत दाखवलं. सळया खरंच वरच्या बाजूला होत्या. पण काँक्रीटच्या पाट्या घेऊन माणसं त्यांच्यावरूनच ये-जा करत होती आणि पायाखाली सळया खाली दबत होत्या. मी विचारलं, याने काही होत नाही का? तो म्हणाला, "मॅडम, ओतल्यावर कोनाले दिसते?" हे मला कळलं नाही. काय होतं, लिही.

आणि आज संध्याकाळी किल्ली देताना फक्त त्याला तोंड उघडायला सांग. रागावून नको.

अनुपमा


जठारपेठ, अकोला
५ डिसेंबर २०२४

अनुपमा,

तोंड उघडायला सांगितलं नाही. मला ते अपमानाचं वाटलं. एवढा मोठा माणूस, दोन पोरांचा बाप.

पण बीमचा साचा मी नेहमीसारखा आत वाकून पाहिला. तुला माहीत नसेल, स्लॅब ओतायच्या आधी लोखंड मी स्वतः डोळ्यांनी पाहते. कोणाचं "झालं मॅडम" मी मानत नाही, ज्याच्यासोबत मी इतकी वर्षं काम केलं त्या खुशालरावांचंही नाही. खुशालराव म्हणजे लोखंडवाल्यांचे मुकादम. बीमच्या तळाशी टॉर्च मारला. भुसा, तारांचे तुकडे, बिडीची थोटकं, हे असतंच. ते काढून घ्यायचं काम त्या सकाळी सूर्यभानकडे होतं. आणि सळयांच्या मधे एक पन्नी, प्लास्टिकची. खर्ऱ्याची. लोक पुडीला रबर लावतात. हिला बायंडिंगच्या तारेचा तुकडा पिळलेला होता, लोखंड बांधतात तसा. असं फक्त सूर्यभान करतो, कॉलेजपासून. रबर तुटते म्हणतो. आत खर्रा ओला होता.

मी ती हातात घेऊन उभी राहिले. तो समोरून आला, पाहिलं, थांबला.

"हे काय आहे?"

"तुले दिसून राह्यलं ना."

"रोज माझ्या डोळ्यांत पाहून खोटं बोलला तू."

"हो."

"काहून?"

तो हसला गं, त्याचंच मला जास्त लागलं. म्हणाला, "ताई, मी खरं सांगतलं त्या दिवशी तू मले दवाखाना, शाळा, समदं ऐकवलं. खोटं सांगतलं त्या दिवशी जीप देल्ली. तू अभियंता हायस. तूच सांग, माणूस कोन्या बाजूनं वाकीन?"

खुशालराव खाली पाहत होते. सगळी गँग ऐकत होती. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. ते काँक्रीटपेक्षा लवकर घट्ट झालं आणि आता निघत नाही. तो संध्याकाळच्या गाडीने वरूडला निघून गेला, आईकडे. फोन उचलत नाही. जमुना अकोल्यातच आहे आणि माझ्याशी एका शब्दापुरतं बोलते.

जी बाई कोणाच्या शब्दावर स्लॅब ओतत नाही तिने स्वतःच्या भावाच्या तोंडात एकदाही टॉर्च मारला नाही. हे मला कुठे ठेवू ते कळत नाही.

तू विचारलं होतंस. वरचं लोखंड पायाखाली दबलं तर ओतताना काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खाली लाकडी बल्ल्यांचे टेकू असतात तोवर छज्जा झकास उभा. टेकू काढले की भिंतीजवळ वरून भेग जाते. माझी जीपची किल्ली टेकू होती, एवढं मला आता दिसतंय. लोखंड कुठे दबलं ते अजून दिसत नाही.

डॉक्टरांची तारीख गेली आहे. मला त्याची भीती वाटते, अनु. खर्ऱ्याची नाही. त्याचं तोंड बंद होत जाईल आणि तो मला सांगणार नाही, याची.

तुझी दोन्ही पत्रं मी जमुनेजवळ दिली, वरूडला पाठव म्हणून. तुला विचारलं नाही. चूक असेल तर सांग.

पौर्णिमा


वरूड
१७ डिसेंबर २०२४

अनुपमाताईस सूर्यभानचा नमस्कार.

तुमची पत्रं वाचली. दुसऱ्याची पत्रं वाचनं बरं नाई, पन त्यायच्यात मीच होतो म्हनून वाचली. माह्यावर एवढं लिहिलेलं मी शाळेच्या निकालानंतर पयल्यांदा पाह्यलं.

तुमी मराठीच्या बाईसारक्या लिहिता. मले तसं येत नाई. जसं बोलतो तसं लिहून राह्यलो.

तुमी पयल्याच पत्रात इचारलं होतं, केव्हा, कोठी, कोनासंग. ताईनं मले ते कधीच इचारलं नाई. तिनं इचारलं "खाल्ला का?" तेवढंच. तर मीच सांगतो.

अठी बगीच्यात संत्रा तुटून राह्यला. दिवसभर पेट्या भरतो, ट्रक लावतो. अठी समदेच खर्रा खातात, पानठेला मोसंबीच्या झाडाइतका जवळ हाय. तरी पयले चार-पाच दिवस डोकं दुखलं, आईवर चिडलो, मंग कमी झालं. मले त्याचंच नवल वाटून राह्यलं. तंबाखूची ओढ असती तर अठीबी तेवढीच असती ना?

मंग मी बसून इचार केला, ओढ कोठी हाय. ती साइटवर हाय. तिथंबी सकाळी नाई, जेवनानंतर नाई. स्लॅब ओतून होते, माल संपते, मिक्सर बंद होते. समदे पाय धुतात, बसतात. खुशालराव पुडी काढतात, घोटतात, अन् पयली चिमूट मले देतात. समद्यायच्या आधी. अनुपमाताई, दिवसभर मी तिथं मॅडमचा भाऊ असतो. "भाऊ येऊन राह्यला, बिडी इझव रे." त्या एका टायमाले मी त्यायचा असतो. खर्रा नाई घेतला तर मी पुन्हा मॅडमचा भाऊ.

ताईनं जीप देल्ली. जीपमंदी बसलो का मी अजून जास्त मॅडमचा भाऊ. तिले वाटलं लोखंड टाकलं. तिनं खालून टाकलं.

तोंडाचं सांगतो, ते कोनाले सांगतलं नाई. डॉक्टरजवळ दोन बोटं गेली होती, आता दुसरंबी अडकते. आईनं तिखट कमी केलं, तरी झोंबते. मले भेव वाटते. ताईले सांगू नका म्हनलो असतो, पन तुमी सांगसालच. सांगा.

एक गोष्ट इचारतो. तुमच्या अभ्यासात असं कोनी असते का, ज्याले नशा नाई पायजे, निस्ती पयली चिमूट पायजे?

आईनं तुमच्यासाठी संत्र्याची पेटी ट्रकवाल्याजवळ देल्ली. वॉर्डनबाई आता नाई, तं पूरी पोचंन.

सूर्यभान


कॅम्प, अमरावती
२७ डिसेंबर २०२४

प्रिय पौर्णिमा,

सोबत सूर्यभानचं पत्र आहे. त्याने परवानगी दिली आहे. आधी ते वाच, मग हे.

त्याचा शेवटचा प्रश्न घेऊन मी दोन दिवस फिरले. माझ्या प्रश्नावलीत "कोणासोबत खाता" हा प्रश्न आहे, पण "तिथे न खाल्ल्यास तुम्ही कोण असता" हा नाही. मी इतके दिवस तंबाखूला प्रबलन समजत होते. काही जणांत ते असेलही. त्याच्यात मात्र कदाचित पहिली चिमूट ते आहे, आणि तंबाखू तिच्यामागून आली. कदाचित म्हणते, कारण एका माणसाच्या एका पत्रावरून नियम करायचा मोह मला झालाय आणि तो मी आवरते आहे.

पत्रं जमुनेजवळ दिलीस ते बरोबर केलंस. उलट मीच अवघडले होते. त्याच्याबद्दल त्याच्यामागे लिहीत होते, हे मला त्याच्या पत्रानंतर कळलं.

मी त्याला उत्तर लिहिलंय, फोनवरही बोललो. डॉक्टरांची तारीख त्याने स्वतः घेतली आहे, अकोल्यातच, जानेवारीत. तू सोबत जाऊ नकोस. जमुना जाईल. ही माझी सूचना नाही, त्याची आहे.

आता तुझ्या कामाचं. यावेळी योजना लिहून देत नाही. मागची योजना मी जरा जास्तच खात्रीने लिहिली होती. दोनच गोष्टी सांगते. त्याला स्लॅबच्या त्या वेळेपासून लांब ठेवू नकोस. ओढ तिथेच आहे, तिथून पळवलंस तर तो पुन्हा एकटा उभा राहील, बडीशेप घेऊन. आणि तो कधीतरी घसरेलच. त्या दिवशी तो तुला सांगेल किंवा सांगणार नाही. तो सांगेल तेव्हा लगेच मागून काय येतं, एवढंच तुझ्या हातात आहे. बाकी त्याच्या.

पेटी पोचली. जुईलीने आल्याआल्याच अर्धी संपवली.

अनुपमा


जठारपेठ, अकोला
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय अनुपमा,

उशीर झाला. लिहिण्यासारखं काही होईपर्यंत थांबले होते.

सूर्यभान संक्रांतीनंतर परत आला. त्याचं पत्र मी साइटच्या खोलीत, मिक्सर बंद करवून वाचलं होतं, म्हणून काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. प्रत्यक्षात तो म्हणाला, "चहा घेतला का?" आणि मी म्हटलं, "नाही." आम्ही घेतला. जीपची किल्ली मी ड्रायव्हरजवळ देऊन टाकली.

डॉक्टरांनी गालात इंजेक्शनं सुरू केली आहेत आणि रोज तोंड उघडायचा व्यायाम दिलाय. तो ते साइटवरच करतो, आईस्क्रीमच्या चपट्या काड्या दातांत धरून, एक-एक वाढवत. पोरं त्याला मगर म्हणतात. डॉक्टर म्हणाले, गेलेलं सगळं परत येत नाही, पण पुढचं थांबवता येईल.

वरच्या मजल्याचा स्लॅब झाला, छज्ज्यासकट. छज्ज्याच्या लोखंडावर मी फळ्या टाकायला लावल्या, माणसांनी फळ्यांवरून चालावं म्हणून. हे नवं नाही, नियम आहेच, पण मी आता फळी सरकली की ओरडते. ओतणं झालं, मिक्सर बंद झाला. सगळे पाय धुऊन बसले. मी वर उभी होते, खाली गेले नाही. तुझं ऐकून ती वेळ त्याच्याकडेच सोडली.

सूर्यभानने वरूडहून आणलेलं पोतं उघडलं. खुशालराव पुडी काढायला खिशात हात घालतात तोवर त्याने संत्रं सोलून पहिली फोड त्यांच्यासमोर धरली. त्यांच्या हातात पुडी, समोर फोड. सगळे पाहत होते.

खुशालराव म्हणाले, "सूर्यभानभाऊ, याले चुना कोठी लावू?"

"लावा ना, घरी सासू हाय तिले."

हसले सगळे. खुशालरावांनी फोड घेतली. मग सूर्यभान सोलत राहिला आणि वाटत राहिला. स्वतः एकही खाल्ली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्याला संत्रं झोंबतं. तोंड अजून कच्चं आहे. तो फक्त सोलत होता. पहिली फोड देणारा आता तो होता, एवढंच.

पुडी निघालीच नाही असं समजू नकोस. निघाली, दोघातिघांनी घेतली, खुशालरावांनीही. त्याला कोणी दिली नाही. किंवा दिली आणि मला वरून दिसली नाही. मी आता कशाचीच खात्री देत नाही, तुझी सवय लागली.

हे तुला तेव्हाच लिहून टाकावं वाटलं होतं. लिहिलं नाही ते बरं झालं.

कारण काल संध्याकाळी तो ऑफिसच्या दारात आला. किल्ली नाही, काही नाही, यायचं कारणच नव्हतं. हातात हेल्मेट. चौकटीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, आज खाल्ला."

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. दवाखाना, इंजेक्शनं, जमुना, पोरं. त्याच क्रमाने. त्यालाही ते दिसलं असावं, कारण त्याने खांदे आधीच ताठ केले, पाणी पडायच्या आधी माणूस करतो तसे. मी टेबलावरचा नकाशा सरकवला, समोरच्या खुर्चीवरच्या फाइली उचलून खाली ठेवल्या.

विचारलं, "कोठी?"

त्याने चौकट सोडली. मग आत आला, खुर्ची ओढली, हेल्मेट मांडीवर घेतलं आणि सांगायला लागला.

पौर्णिमा